रोझलिनच्या नावाची फाईल

दिनानाथ तांबे मनवेलपाड्याला आमच्या शेजारी राहतो, चाळीतल्या शेवटच्या खोलीत. आचोळ्यातल्या एका छोट्या सहकारी बँकेत तो बावीस वर्षं शिपाई होता. टपाल नेणं, चहा सांगणं, पासबुकाच्या मशीनपुढे अडलेल्या म्हाताऱ्यांना हात देणं, ही त्याची कामं. माझं पेन्शनचं खातं तिथेच होतं, त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं. माणूस इतका सरळ, की साहेबांनी सांगितलेलं काम कशासाठी, हे त्याने कधी विचारलं नाही.

दर एक-दोन वर्षांनी रिझर्व्ह बँकेची माणसं तपासणीला यायची. त्याच्या आदल्या दिवशी मॅनेजर सुजय देसले त्याला केबिनमध्ये बोलवायचे. "दिनानाथ, ह्या फायली उगाच जागा अडवतात. नायगावला चेअरमनसाहेबांच्या ऑफिसात ठेवून ये. ही मंडळी गेली की परत आण."

चेअरमनचा बांधकामाचा धंदा होता. दिनानाथ दोन गोण्यांत सतरा फायली भरून रिक्षाने न्यायचा आणि आठवड्याने परत आणायचा. असं चारदा झालं. पाचव्या वेळी रिक्षातून उतरताना एक गोणी उसवली आणि फायली रस्त्यावर पडल्या. एक उघडी पडली, तिच्यात फोटो होता रोझलिनचा.

रोझलिन गासच्या वाडीतली. बँकेच्या पायरीजवळ भाजी घेऊन बसायची. तिचं खातं दिनानाथनेच उघडून दिलं होतं. फोटो, आधारकार्ड, सह्या, सगळं त्यानेच काउंटरवर नेऊन दिलं होतं. फाईलवर लिहिलं होतं, बांधकाम साहित्याचे घाऊक व्यापारी, कर्ज एक कोटी वीस लाख.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला विचारलं, "रोझलिनबाय, तू कधी कर्ज काढलंस का?"

ती हसली. "माझा काटा बिघडलाय तो दुरुस्त करायला पैसे नाहीत, कर्ज कोण देतंय मला?"

दिनानाथला वाटलं, कुणाच्या तरी हातून फोटो भलत्या फाईलला चिकटला असणार. देसलेसाहेबांना सांगावं, तर ते त्या दिवशी तपासणीत अडकलेले. म्हणून चहा द्यायला गेला तेव्हा त्याने रिझर्व्ह बँकेच्या अधिकारी बाईंनाच विचारलं. ज्ञानदा मॅडम म्हणायचे त्यांना, वयाने तिशीच्या आतबाहेर.

"मॅडम, जी फाईल इथे नाहीच, ती तुम्ही कशी तपासता?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुठली फाईल?"

त्याने सगळं सांगितलं. नायगाव, गोण्या, रोझलिनचा फोटो. शेवटी म्हणाला, "तेवढी तिच्या नावाची चूक दुरुस्त करून द्या. गरीब बाई आहे."

मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "दिनानाथ, बँक आम्हाला जे कागद देते तेच आम्ही बघतो. न दिलेल्या कागदांचं आम्हाला कोण सांगणार? तुम्ही लिहून द्याल?" त्याने लिहून दिलं. काय लिहिलं ते त्याला आजही धड आठवत नाही.

दोन महिन्यांनी बँकेच्या शटरवर रिझर्व्ह बँकेची नोटीस लागली. सहा महिने एका खात्यातून दहा हजारांच्या वर काढता येणार नाहीत. गर्दी झाली, बायका रडत होत्या, कुणीतरी काच फोडली. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, तक्रार कुणी केली? दिनानाथ गर्दीत उभा होता. त्याला एकच दिसत होतं, बँक चालू होती तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं, आणि आपण बोलल्यावर सगळ्यांचंच अडलं होतं. गरिबांच्या नावावर खोटी कर्जं काढून चेअरमनने चोरी आधीच केली होती, हे त्याला मी समजावलं. पण माझे आठ लाख आत होते, त्यामुळे माझ्या बोलण्यात फारसा जोर नव्हता.

घरी त्याची बायको सरला म्हणाली, "माझ्या ऑपरेशनला देसलेसाहेबांनी रक्त दिलं होतं. अटक झाली त्यांना. तुम्ही आधी त्यांना का नाही विचारलंत?"

"विचारणार होतो."

"मग?"

तो चपला घालून बाहेर गेला.

पोलिसांनी बोलावलं तेव्हा पहिला प्रश्न आला, फायली कोणी हलवल्या? "मी," तो म्हणाला. लेखी हुकूम होता का? नव्हता. चार तास बसवून ठेवलं. ज्ञानदा मॅडमच्या अहवालात माहिती देणारा म्हणून त्याचं नाव होतं, त्यामुळे तो आरोपी न होता साक्षीदार झाला. या दोन्हींत नेमका फरक काय, हे तो मला दोनदा विचारून गेला.

तोवर रोझलिनला कर्जवसुलीची नोटीस आली होती. तिचे स्वतःचे तीन लाख चाळीस हजार अडकले होते, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी साठवलेले, ज्यांना ती कधी हात लावत नसे. दिनानाथ तिच्या वाडीत गेला आणि तक्रार आपणच केली हे सांगून टाकलं.

"तूच होतास?" ती म्हणाली.

"तुझं नाव काढायला गेलो होतो, बाय."

तिने खुरपं खाली ठेवलं. "मग हे बरं केलंस की वाईट, ते तूच सांग."

"मलाच कळत नाही."

"मला पण नाही," ती म्हणाली, आणि आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

पुढे ठेवींच्या विम्याचे पैसे आले. पाच लाखांपर्यंतचे सगळ्यांना पूर्ण मिळाले. रोझलिनला तिचे मिळाले, पण उशिरा. मुलीचं वर्ष गेलं. तिच्यावरची नोटीस अकरा महिन्यांनी मागे घेतली गेली. माझे तीन लाख अजून यायचे आहेत. बँकेचा परवाना रद्द झाला आणि दिनानाथ आता विरारला औषधांच्या गोदामात खोकी मोजतो.

मागच्या महिन्यात वसईच्या कोर्टात त्याची साक्ष झाली. मी सोबत गेलो होतो. सरकारी वकिलांनी विचारलं, "फसवणूक लक्षात आली म्हणून तुम्ही धाडसाने पुढे आलात, बरोबर?"

"नाही," दिनानाथ म्हणाला. "फोटो चुकलाय असं वाटलं मला."

वकिलांचा चेहरा पडला. न्यायाधीशांनी उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर दिनानाथ थांबला. "मी हो म्हणायला हवं होतं का?"

मी मास्तर होतो, तीस वर्षं मुलांच्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. मी त्याला म्हटलं, "खरं तेच सांगितलंस ना?"

"हो. पण त्यांना दुसरं काहीतरी हवं होतं."

मग आम्ही स्टेशनची रिक्षा बघू लागलो.