वाघमारेबाईंचं आवतन

वाघमारेबाईंनी कधी कुणाला पाठीमागून हाक मारली नाही. तुम्ही पाठमोरे मोटरसायकल पुसत असाल, तर त्या वळसा घालून समोर येत, तुमची नजर वर होईपर्यंत थांबत आणि मगच बोलत. नांदेडला मूकबधिर मुलांच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेलं. ऐकू येणाऱ्यांशी बोलतानाही ती सवय सुटली नव्हती. भाजीवाला दर वेळी दचकायचा. माझी लेक सई त्यांच्या वर्गात होती, आणि बाई मला हक्कानं अरे-तुरे करत.

कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन सरकारी योजनेतून होतं, पण ठरावीक वयापर्यंतच, हे आम्हाला कळलं तेव्हा सई सात वर्षांची होती. वय उलटून गेलेलं. आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रागात मी अशा मुलांच्या पालकांसाठी इंटरनेटवर एक मंच काढला. नांदेड-लातूरकडचे तीनशेवर पालक सदस्य झाले. दोन वर्षांनी बोलणारे उरले सहा, त्यातला एक मी. लोकांना गरजच नाही, मंच बंद करतो, असं मी बाईंच्या घरी वैतागून बोललो.

बाईंनी विचारलं, "बाकीच्यांला कळवतोस का काही?"

"रोज मंचावर टाकतो की."

"जे तिथं येतच न्हाईत, त्यांला?"

सदस्य होताना सगळ्यांनी ईमेलचा पत्ता दिला होता. त्यावर पत्र पाठव, असं बाईंचं म्हणणं. मला हसू आलं. दुकानं, विमा, कर्ज अशा वीस-पंचवीस मेल मी स्वतः रोज न उघडता पुसून टाकतो. त्यात आपण कशाला भर घालायची? लोक चिडतील आणि आहेत तेही जातील.

"दुकानदार त्याच्या गरजेचं लिव्हतो," बाई म्हणाल्या. "तू त्यांच्या गरजेचं लिव्ह."

मी तरी हटेना. मग त्यांनी माहेरचं सांगितलं. लोह्याजवळचं गाव. "लग्नाच्या जेवनाला भोंग्यावर पुकारायचे. आमच्या बौद्धवाड्यातबी चांगलं ऐकू यायचं. पन दारात येऊन कुनी 'चला' म्हनायचं न्हाई. गेलो असतो तर कदाचित कुनी उठवलंबी नसतं. पन आम्ही गेलो न्हाई. ज्याला आवतन न्हाई, त्याला वाटतं हे आपल्यासाठी न्हाईच." एवढं बोलून त्या चहा गाळायला लागल्या. दारात येऊन बोलावण्याला आमच्याकडे आवतन म्हणतात. त्याच रात्री मी पत्र लिहायला बसलो.

पहिलं पत्र मी दोन पानी लिहिलं. 'सन्माननीय सभासद' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत, मध्ये अकरा सूचना. बाईंनी वाचलं आणि विचारलं, "कलेक्टर हायस का तू?" त्यांनी एकच गोष्ट ठेवली: योजनेला वयाची अट आहे, तुमचं लेकरू किती वर्षांचं? वर प्रत्येकाचं नाव घालायला लावलं आणि खाली एक ओळ स्वतः घातली: 'पत्र नको असेल तर सांगा, राग नाही.'

रविवारी सकाळी पत्र गेलं. तासाभरात चौघांनी 'नाव काढा' म्हणून कळवलं. माझं तोंड उतरलं. मी बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे चौघांनी वाचलं तरी. काढ त्यांची नावं, आजच काढ. आवतन द्यावं, हात धरून वढू न्हाई."

मंगळवारी लातूरजवळच्या मुरुडहून एका आईचं उत्तर आलं. मंचाचा पासवर्ड ती विसरली होती आणि विचारायला लाजली होती. 'तिथं शिकलेली माणसं बोलतात, म्हणून मी काही लिहिलं नाही. पत्र माझ्या नावानं आलं म्हणून लिहिते. मुलगी साडेचारची आहे. उशीर झाला का?'

झाला नव्हता. थोडेच महिने हातात होते. मी आणि बाईंनी कागद गोळा केले, त्या माऊलीला घेऊन खेटे घातले, आणि मुदतीच्या आत ऑपरेशन झालं. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी तिचा घाबरून फोन आला, "सर, लई रडायली हो पोरगी. काही चुकलं का?"

शेजारी बसलेल्या बाईंनी फोन घेतला. "रडू द्या. ऐकू आलं तिला." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सईच्या वेळेपासून पहिल्यांदाच मीही रडलो.

पत्र दर रविवारी जातच राहिलं. गेल्या वर्षी बाई लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या. नांदेड स्टेशनवर पोचवायला गेलो, तेव्हा इतके दिवस कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगितलं. म्हणालो, "बाई, तुमच्या घरी मी नुसतं वैतागून बोललो नव्हतो, तो मंच त्या आठवड्यात मी खरंच बंद करणार होतो. केला असता तर ती पोरगीही सईसारखीच राहिली असती. अजून अंगावर काटा येतो."

बाईंनी खिडकीतून माझ्याकडे नीट पाहिलं.

"केला न्हाईस नव्हं? मग सोड ते. या रविवारचं पत्र लिव्हलंस का?"