भुऱ्याचा विमा

"पाहू ना बे, घाई काऊन?" हे काकांचं ठरलेलं वाक्य. ट्रकवाला हॉर्नवर हात दाबून बसलेला असला तरी हेच. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. तो निवांत असतो, जीव आपला वरखाली होतो.

वडनेर भोलजीजवळ हायवेला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान. मी तळकोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. इकडे कुणी ओळखीचं नव्हतं. काकांनी काम दिलं, मागची खोली दिली, आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवला का बे?" तेवढ्यावर मी आजवर टिकलोय. भुऱ्या कुत्राही असाच रस्त्यावरून आलेला. तो काकांच्या बाजेखाली, मी खोलीत.

पण रस्ता हायवेचा. एकदा गाडीचा धक्का लागून भुऱ्याचा पाय मोडला. तो बरा होईस्तोवर काका धड जेवले नाहीत. तेव्हापासून कुठे ब्रेक करकचला की मी हातातला टायर सोडून धावायचो. मोबाइलवर कुत्र्यांच्या विम्याची जाहिरात दिसली आणि मी काकांच्या मागेच लागलो. रोज तेच उत्तर, "पाहू ना बे."

शेवटी मी चिडलो. "काका, हा गाडीखाली आल्यावर पाहणार का?"

काका ट्यूब पाण्यात धरून तसेच बसले. "माह्या म्हशीचा विमा होता. कानात बिल्ला ठोकला होता. ते मेली, त साहेब म्हणे, बिल्ल्यासंगं कान आणून दाखव. मीच कापला बे, या हातानं. तिले त्याच कानामागं खाजोलं का लय आवडे." मग भुऱ्याकडे पाहून म्हणाले, "याचा कान नाई देत मी."

मला हसू येईना, रडू येईना. "काका, कुत्र्याला बिल्ला नसतो हो. नुसता फोटो लागतो."

"खरं?"

"आईशप्पथ."

"अबे बयताडा, मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाई?"

लगेच भुऱ्याला आंघोळ. फोटोत तो थरथरतोय आणि काकांचा हात त्याच्या पाठीवर आहे. मी मोबाइलवर एकेक भरत गेलो.

"जात कोणती टाकू?"

काका ताडकन म्हणाले, "माणसाले इचारतेत ते पुरत नाई का? लिव, घरचा."

"मालकाचं नाव?"

"तुह्यं टाक."

"माझं काऊन?" माझ्याही तोंडी इकडचंच आलं.

"तुह्यं वय पाह्य, माह्यं पाह्य. त्याच्या मागं कोणी पाह्यजे का नाई?"

नाव टाकलं खरं, पण त्या दिवसापासून काका नुसते खोकले तरी मी दचकायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. त्यांच्या मुलानं दुकान माझ्याच हाती ठेवलं. भुऱ्या ठणठणीत आहे. मी घातलेली भाकर खातो, दवाखान्यात मुकाट माझ्यासोबत येतो. पण दिवस कलला, काम ओसरलं आणि मी काकांच्या बाजेवर टेकलो, की खालून गुरगुरतो.

विम्यात त्याचा मालक मी आहे. भुऱ्याला हे कुणी सांगितलेलं नाही. मी उठतो आणि आपला टायरवर जाऊन बसतो.