तीनची गाडी आणि लघवीची नळी

"मज्जारज्जू छातीपाशी दबलाय. पायात ताकद येणं अवघड आहे. पण त्याहून जास्त लक्ष लघवीकडं ठेवा," असं अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला रागच आला. माणूस अंथरुणाला खिळला, अन् हे लघवीचं काय घेऊन बसलेत! दुकानात सरकीच्या पोत्यांची थप्पी अंगावर येऊन आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, पडले, त्याला आठवडा झाला होता.

मग डॉक्टरांनी स्टुलावर बसून समजावलं. मूत्राशयाच्या भिंतीत रिसेप्टर असतात, म्हणजे नसांची वर्दी देणारी टोकं. पिशवी भरली की ती मेंदूला कळवतात. आता मधला रस्ताच तुटला, म्हणून मालकांना भरलेलं कळणार नाही. पुढं पुढं ही टोकं चिडकी होतात, थोड्या लघवीनंही पिशवी आखडते, अन् दाब उलटा किडनीवर जातो. म्हणून पिशवी शांत ठेवायची गोळी, आणि दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. सिस्टरनं मला हात धुण्यापासून शिकवलं. मालकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तोंड भिंतीकडं फिरवायचे.

वडवणीला घर रस्त्याला, त्यामुळं बीडच्या गाड्या हेच माझं घड्याळ. सातची गेली की नळी, अकराची गेली की नळी, मग तीनची. सासूबाई म्हणायच्या, एस्टीच्या भरवशावर संसार करती बया.

एका बाजाराच्या दिवशी तीनची गाडी वाटेतच बंद पडली. मी आपली गाडीची वाट बघत दारात ज्वारी निवडत बसले. आतून मालकांची हाक आली, डोकं फुटतंय. जाऊन बघते तर तोंड लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा. सासूबाईंनी नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या घेतल्या. मीही निखारे आणायला चुलीकडं वळले, तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ दिसलं. साडेपाच! मालकांना उठवून बसवलं, नळी घातली. बाटली काठोकाठ भरली, अन् तोंडाची लाली हळूहळू उतरली.

डॉक्टरांनी नंतर नाव सांगितलं, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही, पण तुंबलेल्या पिशवीनं नसा बिथरतात, रक्तदाब चढतो, जीवही जातो. बायांनो, असं डोकं दुखलं तर आधी बसतं करा, नळी घाला, अन् लगेच दवाखाना गाठा. नजर मागून काढा.

मी लई रडले. माझ्याच हातानं माझं कुंकू पुसलं असतं.

दुसऱ्या दिवशी नळी उकळून नेली, तर मालक उशीला टेकून बसले होते. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतलेले.

"आण इकडं. सिस्टरनं सांगितलेलं मीबी ऐकलंय," ते म्हणाले. "माझं मी करतो. तुझे डोळे सुजलेत. दार लाव अन् जरा टेक."

मी दाराबाहेर बसले. कान आत लागलेले. बऱ्याच वेळानं बाटलीत धार पडल्याचा आवाज आला, अन् तोंडात पदर धरून मी पुन्हा रडले. आनंदानं.