रामकिशनची वसुली

आमच्या गावात नळाला पाणी सोडतो रामकिशन, आणि त्या पाण्याची पट्टी मागायला येतो तोही रामकिशनच. त्यामुळे सकाळी आशीर्वाद आणि दुपारी शिव्या त्याला एकाच घरातून मिळतात. दोन्ही तो मान खाली घालून ऐकून घेतो.

ग्रामपंचायतीचा शिपाई होऊन त्याला सोळा वर्षं झाली. चारठाण्याच्या पुढे आडबाजूला आमचं साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव. पहाटे पाणी सोडायचं, मग कार्यालय झाडायचं, ग्रामसभेला सतरंज्या टाकायच्या आणि उरलेल्या वेळात बगलेत पावतीपुस्तक धरून घरपट्टी-पाणीपट्टी गोळा करायची. दारात उभा राहून तो कधी पैसे मागत नाही. आत येऊन भिंतीला टेकतो, घोटभर पाणी मागतो, सोयाबीन कितीला गेलं ते विचारतो. जिंतूरच्या मोंढ्यात कुणाचा माल कधी गेला हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आजारी माणूस असलेल्या घरी तो जात नाही. लग्नघरी मात्र हमखास जातो, कारण पाहुण्यांसमोर कुणाला नाही म्हणवत नाही.

लहानपणी तो आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. दिवाळीपर्यंत शाळा, मग थेट उन्हाळ्यात गावाकडे. चौथीच्या पुढे ते जमलंच नाही. लग्न झाल्यावर बायको दैवशालेला घेऊन त्यानं सात हंगाम ऊस तोडला आणि मग ही शिपायाची जागा मिळाली. पुढे भक्ती झाली. आयुष्यात त्यानं बढाई मारली असेल तर एवढीच: "माज्या लेकीनं कोपी बघितली न्हाई, वैनी." कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची झोपडी. भक्ती आता दहावीला आहे.

त्याचा पगार कसा ठरतो हे मला या गावात अठ्ठावीस वर्षं राहूनही माहीत नव्हतं. मी त्याला सरकारी नोकर समजत होते. सगळं गाव तसंच समजतं. खरं म्हणजे पगाराचा काही वाटा शासनाकडून येतो, पण गावानं कर किती वसूल केला ते बघून. आणि बाकीचा निघतो त्या वसुलीतूनच. लोकांनी पट्टी भरली तर रामकिशनच्या घरी पगार, नाही तर नाही. हे मला कळलं ते माझा मुलगा सरपंचपदाला उभा राहिला तेव्हा.

शिवशंकर पुण्यात सात वर्षं नोकरी करून परत आला. एकतीस वर्षांचा मुलगा गावात आला याचा आनंद मानावा की काळजी करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या सभेला मी शाळेच्या मैदानात बायकांच्या बाजूला बसले होते. रस्ता, गटार, पाणी असं सगळं बोलून झालं. लोक जांभया देत होते. तेव्हा तो म्हणाला, "मी निवडून आलो तर पाच वर्षं गावात कुणाकडूनही घरपट्टी-पाणीपट्टी घेतली जाणार नाही!"

काय टाळ्या पडल्या! मागून कुणीतरी ओरडलं, "रामकिशन, घाल तुजं पुस्तक चुलीत!" सगळं मैदान हसलं. रामकिशन माईकची वायर धरून उभा होता. तोही हसला. मग वायर गुंडाळत तो स्टेजच्या मागे गेला, आणि सभा संपेपर्यंत मला दिसला नाही.

घरी येताना शेजारच्या सगुणाबाई बरोबर होत्या. एकट्या आहेत, मजुरीला जातात. "लेकानं ब्येस केलं बग, माय. माजे हजार रुपये वाचतेत. चार रोज निंदाय जावं लागतं तेवढ्याला."

"आणि रामकिशनचा पगार?"

"त्याचं सरकार बगंल की! सरकारी मानूस हाय त्यो."

त्यांना मी काय नावं ठेवणार? आमच्या घरात तरी काय वेगळं होतं? आमचे हे, व्यंकटराव गुरुजी, नोकरीत असताना फेब्रुवारीचा पगार हातात आला की दोन दिवस कुणाशी बोलत नसत. वर्षाचा राहिलेला आयकर त्याच महिन्यात कापून जायचा. "पन्नास एकरवाल्याला एक रुपया कर नाही, आणि मास्तराच्या पगारातून आधीच कापतात," हे वाक्य मी दरवर्षी ऐकलं. अर्थसंकल्पात करमर्यादा वाढली तर सरकार चांगलं, नाही वाढली तर नालायक, आणि पुढचं मत त्यावर. सगुणाबाईंचे हजार रुपये त्यांच्या हिशेबानं गुरुजींच्या फेब्रुवारीएवढेच जड आहेत. ज्याला जिथं टोचतं तिथं तो बोट दाखवतो. फरक एवढाच की गुरुजींचा कर कुणाच्या ताटात जातो हे आम्हाला दिसत नव्हतं. सगुणाबाईंचा कर कुणाच्या ताटात जातो ते मात्र रोज पहाटे गल्लीतून जाताना दिसतं.

आठवड्यानं दैवशाला आमच्याकडे सोयाबीन काढायला आली. जेवायच्या सुट्टीत भाकरी सोडत म्हणाली, "ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला, वैनी. जोडीला आगाऊ उचल द्यायला तयार हाय."

"मग?"

"हे म्हनतेत, पट्टी बंद झाली तं पगार कुटून यायचा? कोयता घ्यावाच लागंल."

"आणि भक्ती? दहावी आहे तिची."

"त्याचाच इचार करायलाव." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला. "तुमच्या दादाला नावं ठेवायलोत असं न्हाई बरं का. त्यांच्या मनात काई नसंल."

त्या संध्याकाळी मी शिवशंकरला सगळं सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आई, समोर भुजंगराव आहेत. ते गावजेवणं घालतात, गाड्या फिरवतात. माझ्याकडे द्यायला काय आहे? लोकांचे चार पैसे वाचले तर वाईट काय त्यात?"

"वाईट काही नाही. पण रामकिशनचा पगार?"

"बघू नंतर काहीतरी."

"कुठून बघशील?"

आता त्यानं मान वर केली. "तू माझी आई आहेस का त्याची?"

गुरुजी खुर्चीतून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कर माफ करतोय आणि तोही आपल्याच घरातला, तर ह्या बाईला झोप नाही." ते खरं होतं, मला झोप नव्हती. मुलगा हरला तर काय करेल याची काळजी होतीच, आता तो जिंकला तर काय होईल याचीही लागली.

उमेदवारी अर्ज भरायचे दिवस सुरू झाले. सोमवारी सकाळी रामकिशन आला. नेहमीसारखा भिंतीला टेकून बसला, पाणी प्याला. मी म्हटलं, झालं, आता हा आपलं गाऱ्हाणं मांडणार. त्यानं पावतीपुस्तक पुढ्यात ठेवलं.

"वैनी, ष्टँडावरच्या गाळ्याची सहा वर्षांची पट्टी थकलीय. बिल म्या जुलैत दिलं व्हतं. सही तुमची हाय."

हो, मीच सही केली होती. गाळा सासऱ्यांच्या नावावर. ते वारले तेव्हापासून तो कुणाच्या वाट्याचा यावर हे आणि माझे दीर अडून बसलेले, आणि पट्टी मात्र कुणीच भरत नव्हतं. बिल मी देव्हाऱ्याखालच्या खणात टाकलं आणि विसरले.

शिवशंकर बाहेर आला. "मामा, ते आजोबांच्या नावावर आहे. माझ्या अर्जाचा काय संबंध?"

"कुटुंब एकत्र हाय ना, दादा. एकाची थकबाकी ती समद्यांची. बिल मिळून तीन म्हयन्यांत भरलं न्हाई की मानूस बाद. बुधवारी तीन म्हयने भरत्यात. आक्षेपाचा कागद तिकडं लिवून तयार हाय."

"तिकडं म्हणजे भुजंगरावांकडे?"

रामकिशन पावतीपुस्तकाची पानं चाळू लागला. मी विचारलं, "तुला काही म्हणाले का ते?"

"गप बस म्हनले. दोन रोज फकस्त त्या गल्लीत जाऊ नको म्हनले."

त्यानं ते ऐकलं असतं तर शिवशंकरचा अर्ज आपोआप गेला असता. पट्टीमाफी गेली असती. त्याचा पगार राहिला असता, दैवशालेनं मुकादमाला परत पाठवलं असतं. एवढं सगळं फक्त दोन दिवस गप्प बसल्यानं.

"मग का आलास?" मी विचारलं.

"बिल म्या दिलंय, वैनी. वसूल करायचं कामबी माजंच हाय. दुसरं कोन येनार?" आणि मग जरा ओशाळून, "आन् रक्कम मोठी हाय. तुमचं एक घर भरलं तं यंदाची माजी वसुली लय वर जाती."

गुरुजी आत जाऊन पैसे घेऊन आले. हयातभर कराला शिव्या देणारा माणूस, पण नोटा मोजून देताना एक शब्द बोलला नाही. रामकिशननं कार्बन नीट बसवला, दाबून दाबून पावती लिहिली, पाठीमागून उमटली का ते उलटून पाहिलं.

तो उठताना शिवशंकर म्हणाला, "मामा, एक विचारू? मत मला देणार का?"

"न्हाई."

इतकं सरळ उत्तर त्याला आजवर मीही दिलं नसेल.

"तुमाला मत दिलं तं मला कोयता घ्यावा लागतो, दादा. पन फारमावरून नका पडू. पडायचं तं मतावर पडा." त्यानं चप्पल घातली. "येतो, वैनी. खालच्या गल्लीत जायचंय आजून."

दुसऱ्या सभेत शिवशंकरनं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "मागच्या वेळी मी पट्टी माफ करतो म्हणालो, ते चुकीचं होतं. पट्टी घेतली जाईल. पै न् पैचा हिशेब भिंतीवर लागेल." रामकिशनचं नाव त्यानं घेतलं नाही, ते बरं केलं. टाळ्या पडल्या नाहीत. पुढच्या रांगेतली माणसं उठून चहाला गेली. मला त्या क्षणी त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तो नोकरीला लागला तेव्हाही वाटला नव्हता, आणि तो पडणार हेही तेव्हाच कळलं.

पण पुढचं मला कळलं नव्हतं. त्याच रात्री भुजंगरावांची गाडी गावातून फिरली: "पट्टी माफ! शब्द म्हणजे शब्द!" माझ्या मुलानं टाकलेला शब्द त्यांनी उचलला. गावाला शब्द पाहिजे होता, माणूस कोणता याला महत्त्व नव्हतं. शिवशंकर त्रेपन्न मतांनी पडला. मी मत त्यालाच दिलं. त्यानं ते वाक्य मागं घेतलं नसतं तर मी काय केलं असतं, हे स्वतःला अजून विचारलेलं नाही.

ग्रामसेवकांनी नव्या सरपंचांना सांगितलं की पट्टी माफ करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. कागदावर काहीच माफ झालं नाही. फक्त लोकांनी भरणं थांबवलं, आणि तेही ऐन सुगीत, जेव्हा वर्षाची निम्मीअधिक वसुली होते. रामकिशन तरीही पुस्तक घेऊन फिरत राहिला. "सरपंचाला इचार," म्हणून लोक दार लोटून घ्यायचे.

एकदा सगुणाबाईंनी त्याला मागच्या दारानं बोलावलं. मी आमच्या परसातून ऐकत होते.

"हे पाचशे घे. पन पावती फाडू नको, बाबा. गल्लीत कळलं तं म्हनतेल, म्हातारी फुटली."

"पावतीबिगर घेता येत न्हाई, मावशे."

"आरं, तुला द्यायलेय, ग्रामपंचायतीला न्हाई!"

"मला कशाला? मी काय भिकारी हाय का?"

"लय आलाय ताठ्यात!" म्हणत त्यांनी शेवटी पावती घेतली आणि चौघडी घालून पोलक्यात खोचली. अशी अकरा घरं निघाली, सगळी मागच्या दारानं भरणारी. अकरा घरांनी पगार निघत नाही.

दिवाळी झाली तसं त्यांच्या घरात ठरलं. रामकिशननं नोकरी सोडायची नाही, भक्तीनं शाळा सोडायची नाही. दैवशालेनं भावाच्या टोळीत एकटीनं जायचं, अर्धा कोयता म्हणून. जोडी नसलेल्या माणसाला तोडणीत अर्धा कोयता म्हणतात, उचलही अर्धीच. सोळा वर्षांनी तिनं पुन्हा गाठोडं बांधलं.

ट्रॅक्टर निघाला त्या सकाळी मी आणि शिवशंकर तिथं गेलो होतो. तो पुढं व्हायला धजेना. दैवशालेनंच त्याला हाक मारली, "दादा, तोंड कशाला पाडलंय? तुमी तं मागं घेतलं व्हतं की." मग मला बाजूला घेतलं. मला वाटलं रडेल. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"वैनी, एक काम हाय. भक्तीचा बाप चारलाच घर सोडतो. पोरगी एकदा निजली की हलवल्याबिगर उठत न्हाई. म्या हलवायची. आता कोन हलवनार? फेब्रुवारीत पेपर हाय."

"मी उठवते."

"रोज?"

"रोज."

ट्रॅक्टर देवगाव फाट्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती, भक्तीकडे नाही.

आज त्याला बावीस दिवस झाले. साडेचारला मी टॉर्च घेऊन जाते. पहिल्या दिवशी भक्ती दचकून उठली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता हाक मारली की नुसती कूस बदलते. मग मी खांद्याला धरून हलवते, थांबते, पुन्हा हलवते. ती बसती झाली, तोंड धुऊन आली, भूमितीचं पुस्तक उघडलं, की मी निघते. परत येते तेव्हा शिवशंकर अंगणात जागा असतो. "उठली का?" विचारतो. मी म्हणते, "उठली."