अर्धी बिडी

डेअरीत दूध घालून झालं की मी आणि माझा जुना दोस्त लिंबाखाली एकच बिडी दोघांत ओढायचो. कोरोनाच्या साली एका सकाळी त्याने हात आखडता घेतला. "आज नको रं, घसा धरलाय माझा. तुला लागंल."

मला वाटलं, त्याचं पोरगं राहुरीला नोकरीला लागलं म्हणून हा बदलला. चारचौघांत म्हणालो, "आता माझी उष्टी चालंना व्हय तुला?" त्याने मुकाट्याने दोन झुरके मारले आणि बिडी परत माझ्या हातात दिली. उरलेली मी ऐटीत ओढली.

आठवड्यात मी तापलो, मागोमाग बायको. तिला नगरला ऑक्सिजन लावावा लागला. ती घरी आल्यावर तो भेटायला आला, पण फाटकाच्या आत येईना. तिथूनच माझ्या पोराला म्हणाला, "चूक माझी हाय. घसा दुखत असून ह्याच्यासंगं बिडी वढली."

पोरगं त्याला नाही नाही ते बोललं. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. बळजबरी माझी होती, एवढंच सांगायचं होतं. शाळा शिकलो नाही, पण बोलण्यात मी कधी कुणाला हार गेलो नव्हतो. त्या दिवशी जीभ हलली नाही. तो मान खाली घालून गेला, आणि पोराला खरं काय ते अजून ठाऊक नाही.