बिनसाखरेची कॉफी

पडदा वर जातो तो अलेक्झांड्रियातल्या एका जुन्या इस्पितळात, डॉक्टरांच्या खोलीत. बाहेर समुद्र खवळलेला, खिडकीची तावदानं खडखडताहेत. मधोमध टेबल, टेबलावर नीट घडी घातलेला पांढरा कोट आणि कोटाजवळ ताठ बसलेली तरुण डॉक्टर शाहिनाज. दारातून धापा टाकत, ओल्या छत्रीसकट प्रवेश होतो तो डॉक्टर इन्शिराह यांचा. साठी उलटलेली, ठेंगणी, भरल्या अंगाची बाई. पण ती आत आली की कुणीतरी दिव्याची वात मोठी केल्यासारखं वाटायचं.

"कोट का काढलास गं?"

"उद्यापासून येत नाही मी, मॅडम. बाबांच्या दुकानात बसेन. फरशा विकेन. फरशा मरत नाहीत."

"बरी आहेस ना तू?"

"अल्हम्दुलिल्लाह."

बाई मनातल्या मनात चरफडल्या. पुन्हा तोच शब्द! मनोविकारांच्या डॉक्टर त्या. पण अर्धं आयुष्य त्यांनी डॉक्टरांच्याच मनात डोकावण्यात घालवलं होतं. शिकाऊ पोरं हसत येतात आणि बघता बघता विझतात, ती का, हा त्यांचा ध्यास. वॉर्डावॉर्डांतून फिरून त्या विचारायच्या, "कसं चाललंय?" उभ्याउभ्या पेंगणारा पोरगाही छातीवर हात ठेवून सांगायचा, अल्हम्दुलिल्लाह, देवाची कृपा आहे. दुसरं सांगणार काय? कुरकुर केली तर देवाशी बेइमानी. "माझा अभ्यास सांगतो," बाई परिषदांमधून म्हणत, "की जगातले सगळ्यात सुखी डॉक्टर आमच्याकडे आहेत. फक्त ते टिकत नाहीत!" लोक हसत. बाई हसत नसत.

सकाळी खिडकीजवळच्या खाटेवरचे शहाताकाका गेले होते. कोळ्यांची जाळी सांधणारा हा म्हातारा शाहिनाजनं लेकराच्या मायेनं जपला होता. तिनंच त्यांचे डोळे मिटले, तिनंच बाहेर जाऊन त्यांच्या लेकींना सांगितलं, आणि मग ती पुढच्या खाटेकडे वळली. तसंच वळायचं असतं.

आता हिला थांबवायचं कसं? प्राध्यापिकाच त्या, उपदेशाचं भाषण ओठांवर तयार होतं. तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून आवाज आले. शहाताकाकांच्या लेकींना भेटायला मोहल्ल्यातल्या बाया आल्या होत्या.

"त्यांचं उरलेलं आयुष्य तुला लाभो गं."

"तुलाही लाभो, मावशी."

एवढंच. येणारी दुखवट्याचं हे ठरलेलं एक वाक्य बोले आणि खांद्याला खांदा लावून बसे. कशी आहेस, म्हणून कुणीही विचारत नव्हतं.

इन्शिराहबाई वाक्य विसरलेल्या नटीसारख्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी हाक मारली, "तुहामी! कॉफी टाक. बिनसाखरेची."

वॉर्डबॉय तुहामी दारात आला आणि चपापला. साखरेशिवाय कॉफी होते ती मयताच्या घरी. "कोण गेलं, डॉक्टरीणबाई?"

"शहाताकाका."

"ते तर पेशंट होते."

"हिचे होते."

तुहामीनं शाहिनाजकडे पाहिलं. मग तो कोपऱ्यातल्या खुर्च्या उचलून भिंतीलगत मांडू लागला. दुखवट्याला मांडतात तशा.

आज त्या इस्पितळात कुठल्याही डॉक्टरचा रोगी गेला की कॉफी येते, खुर्च्या लागतात. परदेशी पाहुणे विचारतात, या उपचाराला नाव काय? बाई म्हणतात, "शेजारधर्म." पण त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. नर्सबाया आल्या, ते वाक्य बोलल्या, बसल्या. दोन शिकाऊ डॉक्टर आले, कप घेऊन बसले. शाहिनाज प्रत्येकाला मान डोलवत होती, डोळे कोरडे.

आणि आले वॉर्डप्रमुख डॉक्टर रिफ्की. आवाज असा, की सलाइनच्या बाटल्या थरथराव्यात.

"हा वॉर्ड आहे की मयताचा मांडव?"

"दोन्ही आहे साहेब," तुहामी कप पुढं करत म्हणाला. "बसा."

रिफ्कींनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं. साखर का नाही, ते समजलं. त्यांनी कप खाली ठेवला. ज्या पोरीला 'वेंधळे' याखेरीज कधी हाक मारली नव्हती, तिला हळूच म्हणाले, "त्यांचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, पोरी."

याला उत्तर द्यावंच लागतं. "तुम्हालाही ला..." शाहिनाजचा आवाज मध्येच फुटला. "ताटातलं संत्रं माझ्यासाठी ठेवायचे हो ते! म्हणायचे, तू वाळलीस. आज सकाळीसुद्धा... उशाशी होतं."

बाहेर समुद्र आपटत होता. एकाएकी शाहिनाजनं बाहीनं नाक पुसलं आणि दचकून कोटाकडे हात नेला. "अगंबाई! पलीकडच्या आजींचं इंजेक्शन राहिलंय माझं!"

इन्शिराहबाईंनी तो कोट अलगद उचलला, शेजारी बसून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्यावर हात फिरवत त्या म्हणाल्या, "इंजेक्शन रिफ्की देतील. तू आधी रडून घे."