अळणी मंगळवार

पहिल्यांदा पडलो तो एका सोसायटीच्या टाकीपाशी. ठाण्याच्या पुढे, दिव्याला मी पाण्याचा टँकर चालवतो. पाइप टाकीत सोडला, व्हॉल्व उघडला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तर आजूबाजूला ही गर्दी. मला वाटलं, चला, आपल्यासाठी एवढी माणसं जमली. पण माझ्याकडे कोण बघतंय? पाइप टाकीतून निसटलेला आणि पाणी धो धो गटारात चाललेलं. एक मावशी म्हणाल्या, "अरे, आधी व्हॉल्व बंद कर, मग पड." उठलो, बंद केला. पाण्यापुढे माणूस काय चीज आहे, आणि त्यात मी.

टँकर माझ्या चुलतभावाचा. मी त्याला दादा म्हणतो. तो मला काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही. मी घरी पोचायच्या आधी त्याच्यापर्यंत बातमी पोचलेली, की तुझा ड्रायव्हर भरदुपारी पिऊन पडला. आता गंमत अशी, की मी पीत नाही. चांगलं वागायचं म्हणून नाही, पचतच नाही. हळदीला सगळं गाव रंगात असतं आणि मी साध्या सोड्याची बाटली धरून कोपऱ्यात बसतो. तरी नाव माझंच. तोंडच तसं दिलंय देवाने.

मग पडणं सुरूच झालं. अंगात ताकद म्हणून नाही. क्लच दाबायचा तर दोन्ही पाय लावावेत असं वाटायचं. जेवण जाईना, उलट्या, पँट कमरेला थांबेना. त्यात मी मुळातला काळा, तो आणखी काळा पडत चाललेला. लोक म्हणाले उन्हाने. मी पण म्हटलं उन्हाने. केबिनला छप्पर आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

दादाने सरळ सांगून टाकलं. "डॉक्टरकडून आजाराचं नाव घेऊन ये. नाव सांग आणि स्टेअरिंगवर बस. तोपर्यंत गाडीला हात नाही लावायचा." मला त्याचा राग आला, पण त्याचंही बरोबर होतं. भरलेला टँकर घेऊन मी शाळेसमोर डोळे मिटले असते तर? मला दुसरं काही येत नाही. शाळा चौथीत सुटली, का शाळेनेच सोडलं, त्यावर घरात अजून एकमत नाही. टँकर गेला की मी गेलो.

म्हणून मी आणि बायको नाव आणायला निघालो.

आधी दिव्यातले आमचे नेहमीचे डॉक्टर. अशक्तपणा, म्हणाले. ते तर आम्हाला जिना चढतानाच कळलेलं. मग डोंबिवलीला एक मोठे डॉक्टर. त्यांनी रक्त काढलं, लघवी नेली, छातीचा फोटो काढला. मग कल्याणला नळी घालून पोट बघितलं. सगळं नॉर्मल. थोडं बीपी कमी आहे, थोडं रक्त कमी आहे, बाकी नॉर्मल. शाळेत कधी पास झालो नाही आणि इथे नापास व्हायचं होतं तर प्रत्येक रिपोर्टमध्ये पास. रिपोर्टची पिशवी जाड होत गेली, मी बारीक.

आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच. "काही टेन्शन आहे का?" मी म्हणायचो, आहे ना, तुम्हाला कळत नाहीये ह्याचं टेन्शन आहे. म्हणजे मनात म्हणायचो. तोंडाने "नाही साहेब". बायको बाहेर येऊन माझ्यावरच ओरडायची, की आत गेल्यावर तुमची वाचा का बसते? डॉक्टरांसमोर मी असाच. इतका घाबरतो की दुखतंय कुठे विचारलं तर म्हणतो, तुम्ही सांगाल तिथे.

मधे एकदा फारच झालं म्हणून डोंबिवलीच्या नर्सिंग होममध्ये भरती केलं. सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत, कॉटवर बसून नर्सबाईंना टँकरचे किस्से सांगतोय. सोडलं घरी. आठवडा गेला आणि परत तेच. पुन्हा भरती, पुन्हा सलाइन, पुन्हा किस्से. तिसऱ्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, की ह्यांना घरी कामाचा कंटाळा आहे का? दादा गावभर सांगायचा, बघा, बाटली लावली की कसा उठतो. मला स्वतःलाच संशय यायला लागला. रात्रंदिवस विचार करायचो, आपण नाटक तर करत नाही? आणि करत असलो तर ते आपल्याला इतकं चांगलं जमतंय कसं?

आता आई. आमची आई जुन्या काळची, उमेदीत मिठागरात डोक्यावरून पाट्या वाहिलेली. आमच्या घरात मीठ कमी पडलेलं चालत नाही. पेरूला मीठ, कैरीला मीठ, सुक्या बोंबलाला वरून मीठ. त्या दिवसांत मला मिठाचं वेडच लागलेलं. भातावर घ्यायचो, नुसतं हातावर घेऊन चाटायचो, खिशात खडेमिठाची पुडी ठेवायचो. आईला त्याचं कौतुक. "बापावर गेलाय," म्हणायची. एवढी डॉक्टर मंडळी झाली, पण मिठाचं मी कोणाला बोललो नाही. आता मी श्वास घेतो हे कोण डॉक्टरला सांगायला जातं का?

डॉक्टर थकले तेव्हा आईने टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला. पोरगा बरा होईपर्यंत मंगळवार करील, आणि साधा नाही, अळणी. त्या दिवशी मीठ तोंडाला लावायचं नाही. नवस तिने बोलला, उपास मी करायचा. मी निमूट केला. सकाळी अळणी भगर, दुपारी अळणी बटाटा, आणि संध्याकाळपर्यंत आडवा. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. एका मंगळवारी तर देवळाच्या पायरीवरच पडलो. लोकांना वाटलं लोटांगण घालतोय. एक जण पाया पडून गेला.

मी आईला म्हटलं, बाय, हा उपास मला झेपत नाही.

आई म्हणाली, "देव रागावलाय. आपलाच कायतरी चुकतंय." आणि शनिवारही लावला.

त्या शनिवारी मला ठाण्याला न्यावं लागलं. कसं नेलं ते मला आठवत नाही. मोठ्या हॉस्पिटलात चार दिवस होतो. सलाइनने शुद्धीवर आलो आणि सवयीने किस्से सुरू करणार, तेवढ्यात एक मॅडम आल्या, वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी पिशवीतले रिपोर्ट बघितले, बाजूला ठेवले आणि स्टूल ओढून बसल्या. इतक्या महिन्यांत बसलेली पहिलीच डॉक्टर. माझ्याऐवजी बायकोला विचारायला लागल्या. हे कधी पडतात? नीट आठवा, वार कुठला असतो?

बायको म्हणाली, हल्ली मंगळवारी. आणि आता शनिवारी.

मंगळवारी काय वेगळं करता?

बायकोने नवसाचं सांगितलं. अळणी म्हटल्यावर मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि बाकीच्या दिवशी मीठ किती खातात?"

बायकोने माझ्या शर्टाच्या खिशातून पुडी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

मॅडमनी माझा ओठ खाली ओढला, बॅटरी मारून हिरड्या बघितल्या, तळहाताच्या रेषा बघितल्या. मला वाटलं भविष्य सांगतायत. मग बायकोला विचारलं, की हे पहिल्यापासून असेच काळे आहेत का?

"काळे होतेच, मॅडम. पण लग्नात हळद लावलेली ती दिसली तरी होती. आता लावली तर दिसायची नाही."

मॅडम हसल्या नाहीत. हिरड्यांवर पण डाग आहेत, म्हणाल्या, तिथे ऊन लागत नाही. सकाळी रक्त घेतलं आणि संध्याकाळी येऊन सगळं समजावलं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्यातून जे निघतं त्यानेच अंगातलं मीठ अंगात टिकतं. माझ्या त्या ग्रंथी बसल्यात. जुन्या टीबीने खाल्ल्या असतील, ते पण तपासायचं. मीठ अंगातून वाहून जायचं, म्हणून शरीर मीठ मागत होतं. सलाइनमध्ये मीठच असतं, म्हणून मी उठून बसायचो. आजाराचं नाव ॲडिसन्स डिसीज. गोळ्या जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही. अळणी उपास बंद.

"मिठाचं कोणालाच कसं नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, कोणी विचारलं नाही.

"मीठ किती खाता हे कोण विचारणार? तुम्ही सांगायचं असतं."

मला इतका वैताग आला. त्यांचा नाही. त्या नळ्या, त्या सुया, त्या पिशव्या, आणि उत्तर माझ्याच खिशात. पण मला तरी काय माहीत ते उत्तर आहे? मी ते चाटत होतो.

गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. जेवण जायला लागलं. आईला नवस मोडायचा म्हणजे संकट, तर ते मंगळवार आता ती स्वतः करते. ह्या वयात अळणी. नको म्हटलं तर रडते, म्हणून त्या दिवशी मी घरात जेवतच नाही.

मग दादाकडे गेलो, नाव घेऊन. नाव मला नीट घेता येईना, बायकोने घेतलं. दादाने मोबाइलवर शोधलं, वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं.

"हे तर फार क्वचित कोणाला होतं म्हणतायत. तुला कसं होईल? तुझ्यात क्वचित असं काय आहे?"

मॅडमची चिठ्ठी दाखवली तेव्हा किल्ली दिली, पण अट घातली. पहिला महिना बायको बरोबर बसणार. म्हणून आता मी चालवतो आणि बायको शेजारी, मांडीवर गोळ्यांचा डबा. परवा पाणी भरायला लाइनीत उभे होतो. मागच्या टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला, आमच्या केबिनमध्ये बघितलं आणि पलीकडच्याला म्हणाला, की बायको राखणीला आहे, पिऊ नये म्हणून.

बायको मला म्हणाली, सांगा ना त्याला. मी खिडकीतून डोकं काढलं, तोंड उघडलं आणि नाव काही केल्या आठवेना. शेवटी तीच उतरली. आजाराचं नाव, ग्रंथी, मीठ, गोळ्या, सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"वहिनी," तो म्हणाला, "माझी पण बायको असंच सांभाळून घेते."